शस्त्राचा परवाना आणि अभयाचा प्रश्न

शीव स्थानकाच्या पूर्वेस, हार्बर मार्गावरील ज्या स्थानकाला आज गुरू तेगबहादूर नगर म्हणतात त्याच्या आसपास, फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती उभी राहिली, आणि तिथल्या गुरुद्वाऱ्यात जाणारा अमृतधारी शीख, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेतलेला शीख, कमरेला कृपाण लावतो तेव्हा त्यासाठी त्याला कोणत्याही अधिकाऱ्याचा परवाना घ्यावा लागत नाही. त्याच वस्तीतल्या एखाद्या व्यापाऱ्याला रिव्हॉल्व्हर बाळगायचे असेल, तर मात्र त्याला मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, आपल्या जिवाला धोका कशापासून आहे ते सांगावे लागते, पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. एकाची श्रद्धा राज्य पुरेसे कारण म्हणून मान्य करते, दुसऱ्याची भीती मात्र तपासून पाहते. शस्त्र बाळगण्यास पुरेसे कारण कोणते, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटतो. परंतु माणसाने आपल्या भीतीचे काय करावे, स्वतःच्या रक्षणाचा भार कोणावर सोपवावा, आणि दुसऱ्याचा जीव घेऊ शकेल अशी वस्तू घरात ठेवल्याने कोणती जबाबदारी अंगावर येते, हे धर्मविचारातले फार जुने प्रश्न त्याच्या तळाशी आहेत.

भारतात या विषयाची चौकट शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी घातलेली आहे. अग्निशस्त्र, म्हणजे दारूच्या स्फोटाच्या जोराने गोळी किंवा छर्रे फेकणारे शस्त्र, परवान्यावाचून बाळगता येत नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीला ते बाळगण्याची सर्वसाधारण मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नात वा मिरवणुकीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. या अधिनियमाचे १३ वे कलम तत्त्वचिंतकानेही वाचावे असे आहे, कारण तिथे कारणांची प्रतवारी लावलेली दिसते. किमान २० इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू व छर्रे ठासून भरायची जुन्या धाटणीची बंदूक, खरोखरच पिकाच्या राखणीसाठी हवी असेल, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. इतर शस्त्रांच्या बाबतीत अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. स्वतःच्या जिवाचे रक्षण हे असे सबळ कारण होऊ शकते, आणि शेत किंवा रान नसलेल्या शहरात अर्जाचा भर साहजिकच त्यावर असतो.

ऑस्ट्रेलियाने नेमक्या याच ठिकाणी वेगळी वाट धरली. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर या पर्यटनस्थळी एका तरुणाने अर्धस्वयंचलित रायफलींनी, म्हणजे दर वेळी हाताने भरावी न लागता चाप ओढताच पुढची गोळी सुटणाऱ्या रायफलींनी, ३५ माणसांचा जीव घेतला. त्यानंतर बारा दिवसांतच, १० मे रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या पुढाकाराने संघराज्याचे सरकार आणि घटकराज्ये यांच्यात राष्ट्रीय पातळीवरचा करार झाला. अशा रायफली सामान्य नागरिकांसाठी बंद झाल्या, सुमारे साडेसहा लाख शस्त्रे भरपाई देऊन परत घेण्यात आली आणि नष्ट करण्यात आली, प्रत्येक शस्त्राची नोंदणी, कुलूपबंद साठवण आणि खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा बंधनकारक झाली. या सगळ्यापेक्षा विचाराच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी की, अर्जदाराने शस्त्र बाळगण्याचे खरे कारण सिद्ध केले पाहिजे आणि स्वसंरक्षण हे तसे कारण मानले जाणार नाही. शेतकऱ्याची गरज, शिकार, नेमबाजी मंडळाचे सदस्यत्व ही कारणे तिथे चालतात. शेजाऱ्याची, चोराची किंवा अनोळखी माणसाची भीती चालत नाही.

एखाद्या सुसंस्कृत राज्याने नागरिकाला असे सांगावे का की, तुझी भीती खरी असली तरी तिच्यावरचा उपाय म्हणून तुला पिस्तूल मिळणार नाही? कायद्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचा वाटेल, परंतु भारतीय धर्मपरंपरांच्या दृष्टीने तो अभयाचा आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, आणि दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानण्याची रीत हिंदू व जैन या दोन्ही परंपरांत आहे. अभय म्हणजे स्वतःला भीती नसणे आणि आपल्यापासून इतरांना भीती नसणे, अशी त्या कल्पनेची दोन अंगे आहेत, आणि शस्त्राचा पेच असा आहे की ते पहिले अंग मिळवून देण्याचे आश्वासन देते आणि दुसरे मात्र त्याच क्षणी काढून घेते. ज्याच्या कपाटात भरलेले पिस्तूल आहे त्याची भीती कदाचित कमी होत असेल. त्याच्या घरातल्यांची, मोलकरणीची, जिन्यात भांडण झालेल्या शेजाऱ्याची भीती वाढते, आणि या वाढलेल्या भीतीची नोंद कोणत्याही अर्जात होत नाही.

जुन्या धर्मशास्त्राने हा पेच सोडवण्यासाठी रक्षणाचा भार राजावर टाकला. प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा भाग राजा घेतो तो रक्षणाबद्दल, आणि रक्षण न करणाऱ्या राजाकडे प्रजेच्या पापाचाही सहावा भाग जातो, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर परवान्याची कल्पनाच स्पष्टपणे आढळते: शस्त्रे आयुधागारात, म्हणजे सरकारी शस्त्रकोठारात, ठेवावीत आणि मुद्रेने अनुज्ञा दिलेल्यांखेरीज लोकांनी शस्त्रावाचून वावरावे, असे त्याचे म्हणणे आहे. परवाना ही इंग्रजांनी आणलेली परकी गोष्ट आहे, असा जो समज आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो, तो म्हणूनच टिकत नाही. मात्र या शास्त्राचा दुसरा पदरही लपवता कामा नये. राजाच्या अनुज्ञेच्या जोडीला तिथे वर्णाची अनुज्ञा होती, कोणी शस्त्र धरावे हे मुख्यतः जन्मावरून ठरत होते, आणि जन्माने ठरलेली निःशस्त्रता ही रक्षणाची व्यवस्था नसून दास्याची व्यवस्था असते. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

आततायीचा विचार इथे जवळून पाहण्यासारखा आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून अंगावर येणारा, धन, शेत किंवा स्त्री हिरावून नेणारा, अशा सहा प्रकारच्या माणसांना स्मृतिकार आततायी म्हणतात आणि त्यांच्या प्रतिकाराला दोष मानत नाहीत. शीवचे महापालिका रुग्णालय ज्यांचे नाव धारण करते त्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात, कर्मजिज्ञासा या प्रकरणात, अहिंसेला अपवाद कसे निघतात हे दाखवताना याच आततायीचा आधार घेतला. परंतु अपवाद किती रुंद आहे हे टीकाकारांनी बारकाईने मोजले होते. आततायी ब्राह्मण असेल तर काय करावे, या त्यांच्या काळच्या अडचणीच्या प्रश्नावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत हेतूकडे बोट दाखवले: आत्मरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या माणसाचा हेतू हल्ला निवारण्याचा असावा, आणि त्या निवारणात अनवधानाने मृत्यू घडला तर दोष हलका. आजच्या भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे, म्हणजे जुन्या दंडसंहितेतील ९६ ते १०६, खासगी बचावाचा हक्क मान्य करताना अशीच मर्यादा घालतात. सार्वजनिक अधिकाऱ्यांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही आणि बचावासाठी लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही.

या विचारात एक भेद दडलेला आहे, आणि शस्त्रपरवान्याच्या चर्चेत तो सर्रास पुसला जातो. आततायी समोर उभा असताना जे हाती लागेल त्याने त्याला रोखणे ही एक कृती आहे. आततायी कधीतरी येईल या अंदाजाने वर्षानुवर्षे घरात पिस्तूल ठेवणे ही दुसरी. पहिली कृती क्षणाची आहे, तिला प्रसंगाची सीमा आहे, आणि स्मृतींनी व कायद्याने जी मुभा दिली ती तिला दिली. दुसरी कृती ही जगण्याची रीत आहे, जिच्यात प्रत्येक अनोळखी माणूस संभाव्य आततायी म्हणून मनात नोंदला जातो. पहिलीला निर्दोष ठरवणाऱ्या वचनांनी दुसरीचे समर्थन करणे हा तर्काचा घसरणारा पाय आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क नाकारलेला नाही. त्याने स्वसंरक्षणाच्या अंदाजावर शस्त्र देण्याचे नाकारले आहे, आणि हा भेद मिताक्षराकाराला परका वाटला नसता.

महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रपूजा होते, पोलीस ठाण्यांतल्या रायफलींनाही झेंडूची फुले वाहिली जातात, आणि या पूजेवरून शस्त्र बाळगणे हे धर्मकृत्यच आहे असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी शमीची कथा पुन्हा वाचावी. विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेले पांडव नगराबाहेर स्मशानाजवळच्या शमीवर चढून आपली शस्त्रे बांधतात, त्याआधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवतात, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून त्याच झाडाला एक प्रेत टांगतात, जेणेकरून दुर्गंधीनेच लोक दूर राहतील. ज्या वर्षी ओळख लपवून, अपमान गिळून, सर्वांत असुरक्षित जगायचे होते, त्याच वर्षी महाभारतातल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्यांनी शस्त्र जवळ ठेवले नाही, हे या कथेतले विलक्षण सत्य आहे. दसऱ्याच्या परंपरेला शस्त्र परत काढण्याची आठवण अधिक प्रिय आहे हे खरे. परंतु ठेवले कसे, याचे वर्णन महाभारतकाराने ज्या तपशिलाने केले आहे, त्यावरून शस्त्र दुसऱ्याच्या हाती लागू न देणे हा शस्त्रधारकाचा पहिला धर्म त्याला वाटत होता, असे म्हणण्यास जागा आहे.

या बाबतीत श्रमण परंपरा, म्हणजे जैन आणि बौद्ध, अधिक कठोर आणि अधिक नेमक्या आहेत. जैन गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. ज्यातून काही प्रयोजन साधत नाही अशा हिंसेपासून दूर राहणे, हा त्याचा आशय. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार दिले आहेत त्यांत हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, हा एक आहे, आणि त्याच्या उदाहरणांत परशू व तलवारीबरोबर कुदळ, विस्तव आणि साखळी यांचाही समावेश होतो. पापाचा धनी घाव घालणारा एकटा नसतो. साधन पुरवणारा, निष्काळजीपणे उघड्यावर ठेवणारा, मागितले म्हणून देणारा हेही त्यात ओढले जातात. बुद्धानेही अंगुत्तरनिकायात उपासकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. आधुनिक कायद्यातील विक्रेत्याचा परवाना, खरेदीदाराची पडताळणी आणि कुलूपबंद कपाटाची सक्ती या कोरड्या तरतुदी वाटतात, पण त्यांच्यामागचा विचार समंतभद्रांना तत्काळ ओळखता आला असता. घरातल्या मुलाच्या हाती लागलेल्या पिस्तुलाने जो मरतो, त्याच्या मृत्यूचा भार त्या मुलावर टाकता येत नाही.

मग कृपाणाचे काय? वर मांडलेल्या कसोटीवर शिखांना मिळालेली सूट टिकते का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणाने कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे, आणि हा मान केवळ संख्येच्या किंवा दबावाच्या बळावर मिळालेला नाही. शीवच्या त्या वस्तीला ज्यांचे नाव आहे ते नववे गुरू तेगबहादूर तरुणपणी रणांगण पाहिलेले होते, तरीही १६७५ मध्ये दिल्लीत त्यांनी शस्त्र न उचलता शिरच्छेद स्वीकारला, आणि तोही, शीख परंपरेनुसार, काश्मिरी पंडितांच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या, श्रद्धेच्या रक्षणासाठी. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना करून अनुयायांच्या अंगावर कृपाण चढवले, आणि औरंगजेबाला उद्देशून लिहिलेल्या जफरनाम्यात इतर सर्व उपाय खुंटल्यावरच शस्त्र उचलणे योग्य ठरते अशी भूमिका मांडली. १७०८ मध्ये त्यांचा देह नांदेडला पडला आणि तिथल्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रे आजही जतन केलेली आहेत. पिता आणि पुत्र यांच्यात वरकरणी विरोध दिसतो; पण दोघांच्याही आचरणात दुर्बलाचे रक्षण हे कारण आहे आणि स्वतःचे भय हे कारण नाही. कृपाण धारण करणाऱ्याने रोजच्या आयुष्यावर व्रताची बंधने घेतलेली असतात, आणि ते शस्त्र त्याच्या अंगावर उघडपणे, सर्वांना माहीत असलेल्या अर्थाने असते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात शाळेत चाकू नेण्याच्या मनाईला श्रद्धेचा अपवाद लागू होऊ न देणारी तरतूद तिथल्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये अवैध ठरवली. म्हणजे ज्या देशाने भीतीचे कारण नाकारले त्याच देशातल्या न्यायालयाने व्रताचे कारण ऐकून घेतले. या दोन निर्णयांत विसंगती नाही.

आता जन्मावरून ठरलेल्या निःशस्त्रतेकडे यावे. इंग्रजांनी १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, जो शस्त्र कायदा केला त्यात भारतीयांना परवाना सक्तीचा होता आणि युरोपीयांना सूट होती. राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव केले, आणि १९२८ चा नेहरू अहवाल व १९३१ चा कराचीचा ठराव या दोहोंत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध करायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर भर देण्यापेक्षा शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असे त्यांचे उत्तर होते. दुरुस्ती नामंजूर झाली, आणि १९ व्या अनुच्छेदात उरला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क.

हे उत्तर कोणी दिले याचा विचार केल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या या मुलाने महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्याचे परिणाम आपल्या समाजात पाहिले होते. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही म्हणून त्यांना बंड करता आले नाही, असे त्यांनीच ठणकावून लिहिले होते. शस्त्रहीन केलेल्या समाजाची वेदना ज्याला जन्मापासून ठाऊक होती, त्याने बारा वर्षांनंतर प्रत्येक हाती शस्त्राचा हक्क देण्यास नकार दिला, याला विसंगती म्हणणे सोपे आहे, पण ते उथळ ठरेल. जन्माने काढून घेतलेल्या शस्त्राची भरपाई जो तो आपापले शस्त्र घेऊन करू लागला, तर ज्याच्याकडे पैसा, जमीन आणि संख्याबळ आहे त्याचीच शस्त्रे अधिक होतील, आणि गावकुसाबाहेरचा माणूस पुन्हा निःशस्त्रच राहील, हे गाव जवळून पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हक्क ज्याचा तो वापरतो. कर्तव्यात मात्र सर्वांना समान उभे राहावे लागते. पुढे द बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने भेद केला असे प्रतिपादन केले, अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले, आणि गरजेचा निर्णय विवेकावर सोपवला. देशाचे रक्षण करण्याचे कर्तव्य १९७६ मध्ये ५१ क या अनुच्छेदाने संविधानात आले. आंबेडकरांनी १९४८ मध्ये दाखवलेल्या दिशेशी ते जुळणारे आहे.

याच प्रकाशात आजच्या परवान्याकडे पाहिले तर खरी खंत समोर येते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे शस्त्र अधिनियमाच्या १४ व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. तरीही ज्याच्या भीतीला अधिकारी कान देतो तो बहुधा बांधकाम व्यावसायिक, सराफ किंवा राजकीय पुढारी असतो. शीव-धारावीच्या सीमेवरील गल्लीत रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या बाईची भीती अधिक खरी असली तरी ती अर्जाच्या रूपात कधी उमटत नाही, आणि उमटली तरी पिस्तूल हा तिच्यावरचा उपाय नव्हे. त्यातून परवाना हा प्रतिष्ठेचा दागिना होतो, कमरेचे पिस्तूल सदऱ्याखालून दिसेल असे लावले जाते, आणि ज्याला राज्याने अभय द्यायचे होते त्या सामान्य माणसाच्या वाट्याला त्या पिस्तुलाची भीतीच येते. प्रभावशाली माणसाला दिलेला आत्मसंरक्षणाचा परवाना ही राज्याने आपल्याच अपयशाला दिलेली लेखी कबुली आहे, आणि सहावा भाग घेऊन रक्षण न करणाऱ्या राजाबद्दल स्मृतीने जे म्हटले ते इथे शब्दशः लागू पडते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. गुंड परवाना मागत नाहीत. गिरणगावाने आणि मुंबईने १९८० व १९९० च्या दशकांत जे टोळीयुद्ध पाहिले ते विनापरवाना शस्त्रांनी झाले, आणि गिरणी कामगारांचे नेते दत्ता सामंत यांच्यावर १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कोणताही परवाना कायदा आड आला नाही. परळ-लालबागच्या कामगारांना तो घाव अजून आठवतो. परंतु या घटनेतून निघणारा निष्कर्ष नागरिकांना सशस्त्र करण्याचा नाही. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांपुढे खिशातले पिस्तूल फारसे कामी येत नाही. कामी येते ती आधी मिळालेली खबर, वेळेवर पुरवलेले संरक्षण आणि खून पचत नाही ही समाजातली खात्री, आणि या तिन्ही गोष्टी राज्याने द्यायच्या असतात. जिथे त्या मिळत नाहीत, तिथे धोक्यात असलेल्या माणसाला पिस्तूल नाकारणे हे निष्ठुर वाटते हे मान्य करावे लागेल. ऑस्ट्रेलियाच्या नियमाचा नैतिक आधार तिथल्या पोलीस यंत्रणेवरच्या विश्वासात आहे. तो विश्वास उभा केल्यावाचून नुसता नियम आणला, तर तो दुर्बलालाच जाचक होईल.

पिकाच्या राखणीची बंदूक या सगळ्यापासून वेगळी काढावी लागते. लालबाग, परळ, शीवच्या चाळींतून राहणाऱ्या कितीतरी चाकरमान्यांच्या कोकणातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा एकनळी बंदूक असते. रानडुकरे आणि वानर भाताची व नारळाची जी नासाडी करतात ती पाहिलेल्या माणसाला या कारणाचा खरेपणा पटवून द्यावा लागत नाही. दसऱ्याला तिला फुले वाहिली जातात, निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिचा वापर शिकारीसाठी झाला तर तो गुन्हा होतो. याउलट, कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून जी सूट आहे आणि जी सध्या २०२९ पर्यंत वाढवलेली आहे, तिच्यात जन्म हेच कारण ठरते. कैलपोळ्दच्या सणात त्या समाजाची बंदुकीवरची श्रद्धा खरी असली तरी वर मांडलेल्या कसोटीवर कोकणातल्या शेतकऱ्याचे कारण अधिक भक्कम आहे, कारण ते कामाशी बांधलेले आहे आणि काम संपले की संपते.

हे संपणे प्रत्यक्षात येते ते परवानाधारकाच्या मृत्यूनंतर. शस्त्र अधिनियमाच्या २१ व्या कलमानुसार बाळगणे कायदेशीर न उरलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि शीवमध्ये नोकरी करणारा मुलगा वडिलांची बंदूक स्वतःच्या नावावर करून मागू शकतो, परवानाधारकाला विकू शकतो किंवा सरकारजमा होऊ देऊ शकतो. पहिल्या पर्यायासाठी त्याच्याकडे कसणारे शेत असायला हवे, आणि गावी आता भाताची लावणीच होत नसेल तर शेतीसंरक्षणाचे कारण दाखवून परवाना घेणे हे असत्य ठरेल. विक्रीत शस्त्र पुन्हा एका नव्या हातात जाते, आणि समंतभद्रांच्या दृष्टीने त्या हातून जे घडेल त्याचा अंश विकणाऱ्याकडे उरतो. तिसरा पर्याय भावनेला जड जातो, कारण त्या बंदुकीच्या दस्त्यावर वडिलांच्या हाताची झिलई असते. तरी ती सरकारजमा होऊ देणाऱ्या मुलाने वडिलांच्या वस्तूचा अनादर केला असे म्हणता येणार नाही, कारण वडिलांनी ती ज्या कारणासाठी परवाना काढून घेतली होती, ते कारण घरात उरलेले नाही.